खारट पाण्यावरचे अकरा वाफे

देगलूर रोडला मोईजच्या फिल्टर प्लांटवर
मी जार धुते. वीस लिटरचे, निळे.
मशीन एक घागर गोडं पाणी देतं
आणि एक घागर नकोसं
मागच्या पाइपातून सोडून देतं.
पूर्वी ते नालीत जायचं.
मी पाइपाला तीस फूट नळी जोडली,
मोईजला विचारलं नाही.
त्याला कळलं तोवर वांगी लागली होती
आणि त्याच्या घरी पहिली पाटी पोचली होती.

हे पाणी जड. चहाला घेतलं तर दूध फाटतं.
कोण पितं आणि कोण तोंड वाकडं करतं
हे कळायला मला दोन वर्षं लागली.
पालक पितो.
बीट तर चवीनं पितं.
घेवडा पानांच्या कडा जाळून दाखवतो,
सरळ माणसासारखा, आणि मरतो.
त्याला मी पुन्हा आग्रह केला नाही.

कार्तिक लागला की मेथी, शेपू, चुका,
गंगासागरबाईंकडून करडईचं मूठभर बी,
काटे यायच्या आत खुडायची.
पौषात भाजी इतकी होते
की मला पिशवी घेऊन येताना पाहून
गल्लीतले लोक दार लोटून घेतात.

भाचा प्रज्योत पोर्तुगालात,
समुद्राजवळ, एका म्हाताऱ्या बाईच्या मळ्यात.
फोनवर वाफे दाखवतो:
डिसेंबरात कोबी, मार्चात कोबी,
थंडी आहे पण चावत नाही,
ऊन आहे पण ओळख ठेवून वागतं.
मावशी, इथं जमीन रिकामी राहतच नाही.
मी म्हणाले, मग तुम्ही बसता कधी?

इथं मे महिन्यात बसावंच लागतं.
चव्वेचाळीस डिग्री, नळीला हात लागला तर पोळतो.
वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जुने फ्लेक्स
मी वाफ्यांवर ताणून बांधते,
सळई तापवून त्यांना भोकं पाडते,
दादा, भाऊ, साहेब, सगळ्यांना,
तेवढंच ऊन खाली झिरपतं.
त्यांच्या हसऱ्या तोंडांखाली
भेंडी हट्टानं उभी राहते, गवार तग धरते.
बाकीचे वाफे मोकळे.
मोकळे म्हणजे, घोळ येते.
तिला कुणी पेरत नाही.
फरशीच्या फटीतनं, नळीच्या गळक्या सांध्यापाशी
लालसर दांड्यानं पसरते
आणि आपण डाळीत घालून खातो.

प्रज्योतनं जाताना अंबाडीचं बी नेलं होतं,
पायमोज्यात गुंडाळून.
यंदा पेरलं. कमरेइतकी झाली,
पानं तळहाताएवढी, डाग नाही, कीड नाही.
भाद्रपदात फोन आला.
ताट समोर, लसूण वरून फोडणीला,
एक घास घेतला आणि चावत राहिला.
आंबटच नाही, मावशी.
म्हातारीला मात्र फार आवडली, दोनदा वाढून घेतली.
लिंबू पिळलंस?
पिळलं.
मग?
मग लिंबाची भाजी झाली.

ऊन कमी पडलं असेल,
की पाणी फार चांगलं आहे तिथलं,
मला काय माहीत. मी जार धुणारी बाई.
बी जुनं असेल, म्हणाले.
बी जुनं नव्हतं.
मीच माघात बोंडं फोडून काढलं होतं,
बोटं आठ दिवस चुरचुरत होती.

फोन ठेवून बॅटरी घेऊन मागं गेले,
पाचव्या वाफ्यातलं एक पान तोडून चावलं.
डावा डोळा आपोआप मिटला.
हे त्याला सांगितलं नाही.

सकाळी नळी तोंडातून निसटलेली.
पाणी रात्रभर कोपऱ्याकडे वाहिलेलं,
जिथं घेवडा मेला होता,
जिथं मी सात वर्षांत काही टाकलं नाही.
तिथं दोन पानांचं काहीतरी वर आलंय.
दोडका म्हणावं तर पान तसं नाही.
मोईज ओरडतोय, कॉलेजचे बारा जार राहिलेत.
उपटत नाही अजून.
तिसरं पान आलं की कळेल.